दोन दारांचं समाजमंदिर

आमदारांची समिती हिंगोलीला पाहणीसाठी आली होती, त्या दिवशी पुसेगावच्या एसटीत माझ्या शेजारी तांड्यावरचे एक म्हातारबाबा बसले. मांडीवर नारळ होता. सत्काराला नेलेला तो पोलिसांनी आत जाऊ दिला नव्हता. तरी ते खुशीत होते.

"ओढ्यावर पूल मागून राहिलो. पावसाळ्यात लेकरांची शाळा बुडते."

"मिळाला?"

"पुलाची समिती वेगळी म्हणं. ती इकडं येतच न्हाई. येती ती समाजमंदिर देती. दोन झाली."

मी हिशेबी माणूस. म्हणालो, "बाबा, दोन्हींच्या पैशात पूल झाला असता."

"व्हय. पण ते पैसे पुलाचे नव्हते ना!" त्यांनी मलाच समजावलं. "म्हणून आज सांगून आलो, तिसरं या काठापासून त्या काठापर्यंत बांधा. दोन दारं ठेवा. लेकरं एका दारातून शिरतील, दुसऱ्यातून निघतील."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"काहून, भाऊ? नियमात बसत न्हाई का?"

मी पुसेगाव येईपर्यंत विचार केला. न बसण्याचं एकही कारण मला सापडलं नाही.