मोलकरणीला आनंद का झाला?

"हिला वाचू दे. हिला कळलं म्हणजे कोणालाही कळेल."

विभागप्रमुख मॅडमनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. बाकीचे प्राध्यापक गालातल्या गालात हसले. उल्हासनगरचं कॉलेज. पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी इंग्रजी वाचनाचं नवीन पुस्तक निवडायची मीटिंग. मी तिथे तासिकेवर शिकवायचे, दर वर्षी ठेवायचं की काढायचं ते मॅडमच्या मर्जीवर. मला वाटलं, मत विचारायला बोलावलंय. कसलं काय! मी त्यांची मोजपट्टी होते. सगळ्यात खालची खूण.

धडा मला पाठ होता. वर्गात शिकवून बघायचं काम माझ्याच गळ्यात मारलेलं. धड्यात एक मोलकरीण आहे. मालकीण तिला कालच्या पोळ्या देते, ती डोळ्यांत पाणी आणून हात जोडते. खाली प्रश्न, मोलकरणीला आनंद का झाला?

वर्गात हा धडा अंबरनाथ पश्चिमेहून येणारी एक मुलगी वाचत होती. फाडफाड वाचते. प्रश्नापाशी आली आणि थांबली. म्हणाली, "मॅम, माझी मम्मी हेच काम करते. मी काय लिहू?"

माझी आई बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात लोकांची भांडी घासायची. शिळं अन्न कोणी हातात द्यायचं नाही, दाराबाहेर पायरीवर ठेवायचे. आई ते उचलून खरवईला घरी आणायची, आम्हाला वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. आनंद म्हणे. डोंबलाचा आनंद.

मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. हा धडा काढा म्हटलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, आपण फक्त शब्द सोपे आहेत का ते बघतोय. मग चष्मा पुसत विचारलं, पुढच्या वर्षी तास हवेत ना?

हवे होते. घर त्यावरच चालायचं. पण तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द सोपेच आहेत हो. आमचा अपमान तुम्ही कायम सोप्या शब्दांतच करत आलात.

मॅडमनी निर्णय वाचला, पुस्तक सर्वानुमते मंजूर. मी उभी राहिले.

"सर्वानुमते नाही. माझा नकार लिहा."

या वेळी कोणी हसलं नाही. नकार लिहावा लागला. तरी पुस्तक लागलंच, आणि जूनच्या टाइमटेबलातून माझं नाव गेलं. रडले का? रडले. घरी येऊन, दार लावून.

आता बदलापुरात एका खासगी क्लासला शिकवते. त्या अंबरनाथच्या मुलीची धाकटी बहीण आता त्याच कॉलेजात आहे, यंदा तेच पुस्तक घेऊन येते. परवा मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. खाली उत्तर लिहिलं, तिला आनंद झालाच नव्हता.

"मॅम, मार्क कापले तर?" तिने विचारलं.

कापू देत, मी म्हटलं. पेपर घेऊन आपण दोघी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहू. हे उत्तर चूक कसं, ते त्यांनी आपल्या तोंडावर सांगायचं. सांगितल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.