मांडूतला गुळाचा खडा

तुमच्या आजोबांच्या कोटाच्या खिशात गुळाचा खडा सापडला, त्या क्षणी आमची मांडूची सहल संपली आणि तपास सुरू झाला.

मुग्धा, निहार, आजोबांची साखर वाढली होती हे तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आठवडाभर सांभाळा. उतरली तर विमानात बसा, नाहीतर नातवंडांना फोनवरच बघा!" म्हणून तर मी मांडू निवडलं. इंदूरमध्ये दाराबाहेर पाऊल टाकलं की जिलबीचा वास! मांडूत नुसते जुने महाल, तलाव आणि मोकळी हवा. मी रोजचा कार्यक्रमही आखला होता. गाडीत, वाटेवरचं बेटमा गाव यायच्या आत, तो आजोबांना वाचून दाखवला.

"अगं, ही छुट्टी आहे की परेड?" म्हणाले आणि तिथेच झोपून गेले.

सजनबाई नावाच्या बाईंच्या शेतातल्या घरात आम्ही खोली घेतली होती. पहिल्याच सकाळी आजोबा कुरकुरले, "जहाज महाल तू बघून ये. माझे गुडघे आज हडतालवर आहेत."

मी एकटीनं महाल पाहिला. परत येते तो गुडघेवाले गृहस्थ गायब! जेवायच्या वेळी उगवले ते गाणं गुणगुणत. चेहरा लालबुंद, पँटला कुसळं.

"कुठे होतात?"

"इथेच. जरा टहलत होतो."

"आणि गुडघे?"

"तेही सोबत होते!"

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. मी त्यांचा कोट खुंटीला लावायला गेले आणि हाताला तो खडा लागला.

"हे काय?"

"गूळ."

"ते दिसतंय मला! कोणासाठी?"

"आहे एक मैत्रीण," म्हणाले आणि मिशीत हसले. (मैत्रिणीचं मी मनावर घेतलं नाही. या वयात मैत्रीण चालली असती, गूळ नाही!)

माझ्या डोळ्यांसमोर तुम्हा दोघांचे चेहरे आले. विमानतळावर आजोबांची वाट पाहताय, आणि आजोबा इथे कुणाच्या तरी चुलीपाशी बसून चुरमा हाणताहेत! तिसऱ्या दिवशी मी कार्यक्रम रद्द केला, पर्स काखेत मारली आणि दारोदार विचारत निघाले.

"एक उंच, टोपीवाले बाऊजी इकडे आले होते का?"

साधा प्रश्न. पण माळव्यात उंबऱ्यावर उभ्या माणसाला कोणी उत्तर देतं का! "माँजी, पेलां बैठो तो सही!" बसले. चहा आला. त्यात इतकी साखर की चमचा उभा राहावा. तो संपल्यावर उत्तर मिळालं, "नी, याँ तो नी आया."

पुढच्या घरी चुरम्याचा लाडू. मी नको म्हटलं, तर घरची बाई रुसली. "एक म्हारी तरफ से, एक बऊ की तरफ से!" सासूचा आणि सुनेचा, दोन्ही खाल्ले. (निव्वळ तपासाचा भाग म्हणून. आजोबांना केवढा मोह पडला असेल, हे खाल्ल्याशिवाय कसं कळणार?) तिसऱ्या घरी मालपुवे. साजूक तुपातले! त्या घराची चौकशी मी जरा सविस्तर केली. तिथेच पत्ता लागला, "बाऊजी? वो तो रोज ऊपर जाते हैं, रूपमती महल की तरफ."

धापा टाकत चढले. वर पोचते तो काय! भिंतीशी आजोबा उभे, तोंड चालू!

"अहो! तोंड उघडा!" मी अशी ओरडले की शेजारच्या दोन पर्यटकांनीही उघडलं.

त्याबरोबर भिंतीआडून बकऱ्यांचा अख्खा कळप उधळला. एक काळी बकरी थेट माझ्या पर्सवर चालून आली. मी ओट्यावर!

"चिंच आहे गं, मांडूची चिंच!" आजोबांनी जीभ काढून दाखवली. "सजनबाईंच्या बकऱ्या आहेत या. त्यांच्या दिराबरोबर रोज चारायला आणतो."

"आणि गूळ?"

"या काळीला. गुळाशिवाय महाराणी जागची हलत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू बकऱ्यांचंही टाइमटेबल केलं असतंस!" एवढं बोलून ते कळपामागे धावत सुटले. हडतालवरच्या गुडघ्यांनी!

बाकीचे दिवस मी गावातून जाऊ लागले की प्रत्येक दारातून हाक, "माँजी, मिल्या कि नी बाऊजी?" सांगायला आत जावंच लागे. पुन्हा "बैठो तो सही!"

इंदूरला आल्यावर थेट दवाखाना. "काका, कमाल केलीत! बसा विमानात," डॉक्टर म्हणाले. माझ्या शिस्तीचं फळ म्हणून मी मान डोलावली.

"काकू, आलाच आहात तर तुमचीही बघू."

"मला कशाला? माझं सगळं वेळेवर असतं."

त्यांनी बोटाला सुई टोचली. आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे.

"काकू, मांडूत काय काय केलंत?"

"तपास," मी म्हणाले.

तर बाळांनो, आजोबा एकटेच येताहेत. माझी साखर उतरली की मी मागून येईन. दवाखान्याच्या पायरीवरच आजोबांनी माझी पर्स मागितली, उघडली आणि आतली कागदाची पुडी सोडली. चुरम्याचा लाडू!

"हे काय?"

मी पदर सावरला, मान ताठ केली आणि सांगितलं, "पुरावा."