रांगेतले घड्याळजी

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हातात आकड्याची पाटी धरायची आणि कुणी आपल्याकडे बोट दाखवू नये एवढी इच्छा करायची. घड्याळजींचं समाजकार्य म्हणायचं ते एवढंच.

एखादा संशयित सापडला की त्याच्याच वयाच्या नि अंगलटीच्या चार भल्या माणसांमध्ये त्याला उभं करतात आणि साक्षीदाराला विचारतात, यातला कोण? ही भली माणसं वस्तीतूनच जमवावी लागतात. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर घड्याळजींनी आपण होऊन नाव दिलं. साठी उलटलेली, मध्यम उंची, चष्मा, थोडंसं पोट. या वर्णनाचे चोर जगात किती आहेत हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. एक गृहस्थ वाचनालयातून छत्र्या न्यायचे. दुसरे वीज मीटर तपासायला म्हणून घरात शिरायचे, चहा घ्यायचे आणि जाताना भिंतीवरचं घड्याळ काखेत मारायचे. या दुसऱ्यांबद्दल घड्याळजींना जरा जास्तच राग होता.

मात्र एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते हे सगळ्यांना ऐकवत. "चेहरा स्वच्छ असला ना, की भिंतीपुढे कितीही वेळ उभं करा."

"स्वच्छ मी करतो आणि फुशारकी तुम्ही मारता," न्हावी म्हणे.

मग काय बिनसलं कोण जाणे. छत्रीवाल्याच्या साक्षीदारानं संशयिताला ओलांडून थेट घड्याळजींवर बोट ठेवलं. घड्याळजी हसले. माणूस चुकतो. पुढच्या खेपेला एका दुकानदारानं तेच केलं, वर दात-ओठ खाऊन म्हणाला, "बघा कसा साळसूदपणे उभा आहे!" तिसऱ्या खेपेला एक बाई दारातूनच ओरडल्या, "हाच मेला!"

फौजदारांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. "घड्याळजी, राग मानू नका. तुमच्याकडे बोट गेलं की खरा चोर सुटतो. तो छत्रीवाला जाताना मला नमस्कार करून गेला. आता बांगड्यांची केस आहे. पॉलिश करून देतो म्हणून एकानं म्हाताऱ्या बायकांच्या सोन्याच्या बांगड्या लांबवल्यात. त्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या आजींकडे तर आईची तेवढीच आठवण होती. या वेळीही तुम्हालाच निवडलं, तर पुन्हा बोलावणार नाही."

घड्याळजींचा चेहरा एवढासा झाला. जन्मभर लोकांनी त्यांच्याकडे सोन्याची घड्याळं बिनघोर सोडली होती, आणि आता त्यांना भिंतीपुढे नुसतं उभं राहणंही जमेना!

दुसऱ्या दिवशी दाढीला बसले तरी तोंड पडलेलंच. न्हाव्यानं वस्तरा लावला आणि थांबला. "तोंडात काय आहे?"

"कुठे काय?"

"गाल फुगलाय. वस्तरा आहे हा, लागेल."

तेवढ्यात रस्त्यावरून घड्याळजींची बायको जाताना आरशात दिसली. घड्याळजींनी गटकन काहीतरी गिळलं, ओठ पुसले आणि छताकडे बघू लागले. न्हावी टॉवेल खांद्यावर टाकून पोट धरून हसत सुटला. "अहो, मी साक्षीदार असतो तर आत्ता तुम्हालाच पकडून दिलं असतं! हे असंच करता का तिथे?"

तिथेही तसंच होत होतं. बायको निवृत्त नर्स. मध्यंतरी घड्याळजींच्या रक्तातली साखर वाढल्याचं कळल्यापासून तिनं घरातला गोडाचा कणही हद्दपार केला होता. तेव्हापासून घड्याळजी दिवाणखान्यातल्या लंबकाच्या घड्याळात चॉकलेटं लपवत. ठाण्यावर जाताना, धीर यावा म्हणून, एक तोंडात टाकत. साक्षीदार आत आला की ते गिळायची घाई व्हायची.

त्या दुपारी बायको पाय लांब करून पेपर वाचत बसली होती. घड्याळजी दोनदा खाकरले.

"अगं, जरा बोलायचं होतं."

"बोला की. कान मोकळेच आहेत."

त्यांनी घड्याळाचं काचेचं दार उघडलं. लंबकाच्या मागून चांदीच्या कागदातली चॉकलेटं भराभरा जमिनीवर सांडली. बायकोनं पेपरातून डोकं वर केलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"घड्याळजीच्या घरातलं घड्याळ बंद पडतं, आणि घड्याळजी त्याला हात लावत नाही. मी नर्स होते हो, खुळी नव्हे."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी किती दिवस ताणतात. तिकडे सगळी वस्ती तुम्हाला चोर म्हणत होतीच. मी आणखी काय म्हणायचं?" तिनं पदरात चॉकलेटं गोळा केली. "यांचं काय करायचं ते मी बघते."

बांगड्यांच्या ओळखपरेडला घड्याळजी रिकाम्या तोंडानं उभे राहिले. शिवणकाम करणाऱ्या आजी एकेकाचा चेहरा निरखत आल्या. घड्याळजींपाशी थांबल्या. घड्याळजींनी सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. आजी पुढे सरकल्या आणि शेजारच्या माणसासमोर जाऊन म्हणाल्या, "काय रे, झालं का माझ्या बांगड्यांचं पॉलिश?" त्याची पाटी हातातून पडली.

फौजदारांनी घड्याळजींच्या पाठीवर थाप मारली आणि लगोलग विचारलं, "घरून बाईंना पाठवाल का? परवा बायकांची परेड आहे, साठीच्या बायका कमी पडताहेत."

बायको इस्त्रीची साडी नेसून गेली. परत आली ती लालबुंद होऊन. पिशवी खुर्चीवर आपटली.

"मला निवडलं! तीस वर्षं मी लोकांना इंजेक्शनं दिली, आणि ती कालची पोरगी माझ्याकडे बोट दाखवते!"

घड्याळजींनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि बायकोकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "बोला की. कान मोकळेच आहेत."

मागे लंबक टिकटिक करत होता. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, शेवटी उठून कपाटातला मलमपट्टीचा डबा आणला. आत कापसाच्या गुंडाळीखाली चांदीच्या कागदांचा ढीग होता, आणि तळाशी एकच चॉकलेट शिल्लक.

"टाकून द्यायचं जिवावर आलं हो," ती म्हणाली.

तिनं डब्यातली कात्री घेतली, चॉकलेटाचा नखाएवढा तुकडा कापून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि उरलेलं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या तोंडात टाकलं.