उस्तादांवरचा शेरा

आमच्या उस्तादांपुढं कुणाला मोठा माणूस म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारत, "मोठा हाय, पण त्याला नीट आठवतं का?"

पोलादपूरला त्यांच्या पडवीत दर रविवारी आम्ही चौघं हदीस शिकायला जमत असू. बिरवाडीच्या शाळेत आठवडाभर शिकवून मी दमलेली असे, तरी रविवारची एसटी कधी चुकवली नाही. पैगंबरांचं वचन कुणी कुणाकडून ऐकलं, ती साखळी उस्ताद तोंडपाठ सांगत आणि मग तिच्यातल्या एकेका माणसाला तपासत. वचन सांगणाऱ्यांना असंच पारखणाऱ्या जुन्या परीक्षकांचा त्यांना भारी अभिमान. ज्यांच्या निवाड्यांवर मुलूखच्या मुलूख चालले, अशा कायदेपंडितांनाही त्या लोकांनी सोडलं नव्हतं. निवाड्यात इमाम, पण वचन सांगण्यात कमजोर, असं बेधडक लिहून ठेवलं. "एकानं तर सख्ख्या बापाला कमजोर ठरवलं," उस्ताद मिटक्या मारत सांगत. "आणि आपल्याकडं ओळखीतला म्हटलं की सगळं खपतं."

एका रविवारी त्यांनीच दोन पंडितांची अदलाबदल केली. एकावरचा शेरा दुसऱ्याच्या नावावर सांगितला. आम्हाला ते कळलं, तरी चौघांनीही तसंच वहीत उतरवलं. उस्तादांना चूक दाखवायची कशी?

पुढच्या रविवारी ते पुस्तक उघडूनच बसले होते.

"तुला कळलं होतं ना गो?" त्यांनी मला विचारलं.

"नाय, उस्ताद."

"म्हणजे मी विसरभोळा आणि तू खोटी. विसरभोळा परवडला."

मला रडू आलं. त्यांनी समजूत काढली नाही, वही पुढं सरकवली.

म्हातारपणी ज्यांची स्मरणशक्ती ढळली, त्यांच्याबद्दल परीक्षक लिहीत, की अमुक वेळेआधी ऐकलेलं घ्या, नंतरचं नको. उस्तादांना आपल्या नावापुढं तेच हवं होतं. जन्मभर कमावलेला शब्द ते स्वतःच मोडीत काढायला निघाले होते, आणि लिहायचं मी. मी आधी 'सच्चा' एवढंच लिहिलं आणि थांबले.

"तो राहू दे, तो खरा हाय," ते म्हणाले. "आता तारीख घाल."

ज्या रविवारी ते चुकले, त्या दिवसाची तारीख घालून मी खाली सही केली.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. शिकवणं त्यांनी सोडलं, बोलणं नाही. चहा पिता पिता इतकी सुंदर वचनं सांगत, की आजही मला शब्दन् शब्द पाठ आहेत. आता त्या पडवीत मी शिकवते. त्यातलं एकही वचन मी कुणाला सांगितलेलं नाही.