खड्डा गेल्यावर

भिवामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानपाड्याच्या गोडाऊनमध्ये लग्नाहून परत आलेल्या खुर्च्या लावून घेत होते. फोन त्यांच्या सुनेचा. "ताई, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता." मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस." असं बोलायचं नसतं, पण माझं तोंड पहिल्यापासून असंच फटकळ. आदल्याच आठवड्यात ते मला रस्त्यात भेटलेले, माझ्या पिकअपच्या मागच्या चाकाला लाथ मारून "हवा जास्त आहे" म्हणून मलाच ओरडून गेलेले. मामा गेले त्याला आता सहा आठवडे झाले. आई म्हणाली, तुला नीट बोलता येत नाही, निदान लिही. म्हणून लिहायला बसले.

भिवामामा माझे सख्खे मामा नव्हेत. एमआयडीसीच्या बाजूला त्यांचं पाट्यांचं दुकान होतं. पाटे म्हणजे टेम्पोच्या चाकांवर एकाखाली एक बांधलेल्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. वडील गेल्यापासून तो मी चालवते आणि त्यांच्या वेळची जुनी पिकअपही मीच चालवते. मंडपाचे पाईप जास्त बसावेत म्हणून वडलांनी मामांकडूनच तिला दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे घालून घेतलेले. तेव्हा मामा म्हणालेले, "शेठ, गाडी वजन उचलेल, पण मागे माणूस बसवू नका." वडील हसलेले. पाईपांच्या गाडीत माणूस कोण बसवणार होतं...

ती वेळ काही वर्षांपूर्वी आईवर आली. तिच्या मणक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी रेडिएशनचे शेक सांगितले, पाच आठवडे, रोज, माजिवड्याच्या पुढच्या एका हॉस्पिटलात. मध्ये खंड पडला तर पाय कायमचे जातील असं बजावलेलं. तिला बसता येत नव्हतं, आडवंच न्यायचं. पहिल्या दिवशी ॲम्ब्युलन्स केली, तर त्या अरुंद स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधल्यावर आईचा जीव असा घाबरा झाला की ती पुन्हा त्यात चढायला तयार होईना. मग मी माझी अक्कल चालवली. पिकअपच्या हौद्यात गोडाऊनमधल्या चार गाद्या एकावर एक टाकल्या, वर ताडपत्री बांधली, एका बाईला सोबत बसवलं आणि शीळफाट्यावरून बायपासला गाडी अक्षरशः रांगत नेली. मागून हूं की चूं नाही. मला वाटलं, आई काय आरामात चाललीय. उतरवायला गेले तर तिने पदराचा बोळा दातात धरलेला, आणि तो ओला झालेला.

पुढच्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मी येत नाही. पाय गेले तर जाऊ देत." मी तिच्यावर ओरडले. मग बाहेर जाऊन दोन गॅरेजवाल्यांवर ओरडले. एक म्हणाला शॉकॲब्सॉर्बर बदला, दुसरा म्हणाला गाडीच बदला. शेवटी मामांच्या शेडसमोर गाडी उभी केली आणि खाली न उतरताच म्हटलं, "तुमच्या पाट्यांनी माझी आई मरतेय." आता आठवलं तरी लाज वाटते. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "चल, आधी ताईंना भेटू."

मला वाटलं, गाडी सोडून हा माणूस घरी कशाला येतोय. ते आईच्या पलंगाजवळ स्टुलावर बसले, जयभीम केलं. मग विचारलं, "ताई, दुखतं ते चाक खड्ड्यात पडतं तेव्हा, का खड्डा गेल्यावर?"

आई डोळे मिटून आठवत राहिली. तोवर डॉक्टरांनी, नर्सनी, शेजारणींनी किती दुखतं ते विचारलेलं. कधी दुखतं ते कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. "गेल्यावर," ती म्हणाली. "पडतं तेव्हा मी तयारीत असते. पण नंतर जे दोनदा वर उसळतं ना भाऊ... ते जीव काढतं."

मामा उठले ते थेट हौद्यात जाऊन, आई झोपायची त्याच जागी, त्याच चार गाद्यांवर उताणे झोपले. मला म्हणाले, "चालव. आणि तोंड बंद." शीळफाट्यापर्यंत जाऊन परत आलो. दर उसळीला ते केबिनच्या मागच्या काचेवर एक टिचकी मारत होते, बाकी आवाज नाही. उतरल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्या तीन गाद्या काढून फेकल्या. "गाडी एकदा उडवते आणि तुझ्या गाद्या दुसऱ्यांदा," म्हणाले. "अगं पोरी, ही गाडी आपण टनभर वजन उचलायला केलीय. आईचं वजन किती, चाळीस किलो? ती मागे आहे हे गाडीला कळतच नाही. गाडीच्या हिशेबी ती रिकामीच चाललीय." हे वाक्य मला जे लागलं ते अजून आहे.

दुपारच्या शेकाच्या वेळेआधी त्यांनी वडलांच्या वेळचे जास्तीचे पाटे उतरवले. टायरमधली हवा बेताची केली. मागच्या चाकांच्या वर वाळूच्या गोण्या अंथरून बांधल्या, आणि आईची एक गादी तिथून काढून पुढे केबिनला चिकटवून घातली. पुढे आठवडाभर, आम्ही हॉस्पिटलातून परतलो की गाडी त्यांच्याकडे. एकेक पाटा सुटा करून गंज घासायचा, ग्रीस भरायचं, टोकांना रबर लावायचं, झिजलेले बुश बदलायचे. शॉकॲब्सॉर्बर तर त्यांनी दोनदा बसवून दोनदा काढले. "नरम पाहिजे, ढिली नको," एवढंच बोलायचे. आणि प्रत्येक बदलानंतर स्वतः मागे झोपून एक चक्कर. मी म्हणायचे, मामा, बस झालं. ते म्हणायचे, अजून अर्धी उसळी आहे.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी हॉस्पिटलच्या दारात मी ताडपत्री वर केली, तर सोबतच्या बाईने तोंडावर बोट ठेवलं. आई झोपलेली. तोंड किंचित उघडं, पदर जागच्या जागी. मी वाकून कान लावला, तेव्हा तिचं घोरणं ऐकू आलं. मी तशीच फुटपाथवर बसले. मंडपाच्या धंद्यात मी भलेभले कारागीर पाहिलेत, पण असं काम नाही पाहिलं. पाचही आठवडे पुरे झाले. आज आई काठी घेऊन भाजी आणायला जाते आणि भाजीवाल्याशी भांडतेसुद्धा.

मामांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही दोघी गेलो. लोक पांगल्यावर मामींनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. दारामागे खिळ्याला कमरेचा रुंद पट्टा लटकत होता, दवाखान्यातून देतात तसला, आईकडेही आहे. त्यावर ग्रीसची बोटं उमटलेली. आईने विचारलं, "हा कोणाचा?"

"यांचाच की," मामी म्हणाल्या. "मणका सरकलेला, तुमच्या दुखण्याच्या आधीपासून. गाडीत धक्के खायचे नाहीत म्हणून डॉक्टरने लिहून दिलेलं. तुमची गाडी करत होते तेव्हा घरी आले की जमिनीवर पडून राहायचे, मी हात दिल्याशिवाय उठता यायचं नाही. मी बोलायला गेले तर म्हणायचे, चांगल्या पाठीला काय कळणार त्यातलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी गावभर सांगत फिरले की मामांच्या हाताला यश आहे, हाताला. त्या गादीवर उताणा पडलेला, काचेवर टिचकी मारणारा माणूस मला दिसला, आणि प्रत्येक टिचकी काय होती ते कळलं. मी मामींच्या समोर उभ्या उभ्या रडले.

आईने पट्टा खाली काढून मांडीवर घेतला. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. "आम्ही कोणी त्यांना विचारलंसुद्धा नाही हो," ती म्हणाली.

"विचारलं असतंत तरी खोटंच बोलले असते," मामी म्हणाल्या, आणि पट्टा तिच्या हातातून घेऊन पुन्हा खिळ्याला अडकवला.