एका वेळी किती सूत?

आर्वीत एखादी वस्तू घ्यायची असेल, तर माणसानं ती घरात येऊन पडल्यावरच तोंड उघडावं. आधी बोललं की वस्तू राहते दुकानात आणि घरात नुसती माणसं वाढतात. छायानं नेमकं हेच केलं. "मले फळ्या एकाच जाडीच्या करायची मशीन घ्याची हाय, जास्त महाग नको," असं ती उन्हाळ्यात दारात उभी राहून मोठ्यानं बोलली, आणि त्या दिवसापासून तिच्या चहाच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड थंड म्हणून झालं नाही.

छाया अल्लीपूरच्या चंद्रभान मिस्त्रींची लेक. लग्न होऊन आर्वीला आली तेव्हा आंदणाच्या भांड्यांत एक रंदा आणि दोन पटाश्या होत्या. नवरा धनंजय एसटी डेपोच्या ऑफिसात. कसंही संकट आलं तरी त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, "पाहू." घराला आग लागली तरी तो आधी "पाहू" म्हणेल आणि खरंच पाहत उभा राहील, असं छायाचं ठाम मत आहे. त्यानं एक मात्र चांगलं केलं. परसात टिनाचं शेड टाकून दिलं. तिथं छाया पोळपाट करते, पाट करते, चौरंग करते. पण तिचा जीव आहे तो तान्ह्या पोळ्याच्या नंद्यांत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवतात, दोरीनं ओढत मिरवतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या दिवशी नंदी नुसता देखणा असून भागत नाही, तो चालावाही लागतो. अख्ख्या सागवानी ओंडक्यातून नंदी कोरणं आता कोणाच्या बापाला परवडत नाही. म्हणून छाया आरा मशीनवरून उरल्यासुरल्या पट्ट्या आणते, एकावर एक चिकटवते आणि त्यातून बैल काढते. पट्टी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असली, की अख्खा बैल कलतो.

मागच्या पोळ्याला तसंच झालं. कामं भरपूर आली, हात घाईला आला, पट्ट्या कमीजास्त जाडीच्या राहिल्या, आणि त्यापायी चाकांची भोकं तिरपी बसली. नंदी दिसायला झकास, पण सोडला की डावीकडे. तिनं स्वतः घरातल्या फरशीवर सोडून पाहिला, तर स्वयंपाकघराच्या दारातून निघालेला बैल थेट दिवाणाखाली. शेजारचे बंडोपंत, निवृत्त मास्तर, म्हणाले, "छायाताई, तुमचे नंदी वैचारिकदृष्ट्या डावे आहेत." गल्ली हसली. छायाला हसू आलं नाही, कारण चूक खरीच होती.

यंदा तान्हा पोळा मंडळाचे भैय्याजी स्वतः दारात येऊन सांगून गेले. "बाई, पह्यले एकच नंदी बनवून दाखवजा. सरळ चालला तं वॉर्डातल्या साऱ्या पोरायचे नंदी तुमच्याकडून. नाई तं मी नागपूरहून फायबरचे आणतो."

फायबरचे! बैल तो बैल, आणि फायबरचा! छायाला त्या एका शब्दानं अशी मिरची लागली की तिनं त्याच क्षणी ठरवलं, मशीन घ्यायचीच.

पहिली पायरी मुकेशचं हार्डवेअर. मुकेश गिऱ्हाइकाचं अर्धं वाक्य ऐकतो, उरलेलं स्वतःच बोलतो.

"मुकेशभाऊ, रंदा मशीन..."

"ये लो भाभीजी!" त्यानं मागं न पाहताच फळीवरून डबा काढला. "रंदा मशीन. आँख मूंदके ले जाव. टेन्शन नाई लेने का."

"अजी हे नाई. हे हातात धरून मारायची हाय. मले ते पाहिजे, फळी इकडून टाकली का तिकडून एकाच जाडीची निघते."

मुकेशनं डबा ठेवला. डोकं खाजवलं. "इकडून टाकली... तिकडून निघाली... दोन रोलर असतीन?"

"हो!"

"म्हन्जे रसवंती?"

"रसवंती नाई, मशीन!"

"रसवंती बी मशीनच होते न भाभीजी."

संध्याकाळपर्यंत गावात बातमी की धनंजयची बायको रसवंती टाकून राह्यली. एका मावशीनं फोन करून सांगितलं, आलं-लिंबू टाकत जाजो, पुदिन्यानं उसाचा रस बिघडते. सासूबाई, रुख्माबाई, देवाजवळ वाती वळता वळता म्हणाल्या, "काय वो छाया, ऊस तं आपल्या इकडं कोणी लावत नाई. आणशीन कुठून?"

"ऊस नाई जी आत्याबाई, लाकूड टाकाचं हाय त्यात!"

"लाकडाचा रस?" रुख्माबाईंनी वात खाली ठेवली. "कोण पेते?"

छायानं धनंजयकडे पाहिलं. धनंजय म्हणाला, "पाहू."

दुसरी पायरी बंडोपंत. ती छायानं चढली नव्हती, ती स्वतः चालत तिच्या घरी आली. बंडोपंतांनी मोबाइलवर आठवडाभर अभ्यास केला होता. ते बोलायला लागले की आधी चष्मा वर, मग बोट वर, आणि मग 'तत्त्वतः'.

"तत्त्वतः, छायाताई, तेरा इंची घ्यावी. हिला चार पूर्णांक सहा तारे आहेत. हा पाहा अभिप्राय. 'पॅकिंग उत्तम. आणून देणारा मुलगा नम्र होता.'"

"काका, मशीन चालते कशी?"

बंडोपंतांनी बोटानं पडदा वर ढकलला. "ते... त्यानं खोका अजून उघडलेला नाही. पण तारे पाचही दिलेत."

"अन् हा दुसरा?"

"'भाऊजींसाठी घेतली. भाऊजी खूश.'"

"भाऊजीलेच विचारा मंग!"

"चिडू नये. तत्त्वतः मोठीच घ्यावी माणसानं. आज नंदी करता, उद्या दरवाजे केलेत तर?"

"अन् परवा हत्ती केला तं? मायी पट्टी अर्ध्या वितीची, काका. तेरा इंच कायले? उरलेल्या जागेत काय कपडे वाळू घालू?"

बंडोपंत दुखावून गेले. अर्ध्या तासानं परत आले. मशीनला पाती दोन असावीत की तीन, यावर त्यांनी नवा मजकूर वाचला होता.

आता खरं सांगायचं तर छायाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. मशीन एका फेरीत लाकूड किती सूत खाते? जास्त खाल्लं, तर सागाच्या पातळ पट्टीचे धांदोटे निघतील. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर ना मुकेशकडे, ना ताऱ्यांत. शेवटी जाहिरातीतला नंबर तिनं फिरवला. बरीच बटणं दाबून, बरीच गाणी ऐकून झाल्यावर लोण्यासारखा आवाज आला.

"नमस्कार! मी वेदश्री बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?"

"ताई, तुमची ते लहान मशीन, एका वेळी किती सूत काढते?"

"सूत... मॅडम, आपण कुठून बोलताय?"

"वर्धा जिल्हा."

"अच्छा, वर्धा!" आवाज एकदम उजळला. "सेवाग्राम ना? आलं लक्षात. पण मॅडम, आमच्याकडे चरखा नाहीये."

"चरखा कोण मांगला?"

"तुम्ही सूत म्हणालात ना?"

"सूत म्हणजे धागा नाई वो! सूत म्हणजे सूत! लाकडाचं!"

"लाकडाचं सूत," वेदश्री लिहून घेत घेत म्हणाली. "एक मिनिट हं, मी आपल्याला संबंधित विभागाशी जोडून देते."

पुन्हा गाणं. मग एक खर्जातला आवाज. "हां जी मॅडम, कॉटन चाहिए कि पॉलिस्टर?"

छायानं फोन बंद केला नाही, आपटला. त्यावर टुणकन संदेश आला. तिची तक्रार नोंदवून घेण्यात आली होती. 'मशीनमधून सूत निघत नाही.' मशीन अजून घेतलीच नव्हती, आणि ती बिघडलीसुद्धा होती!

"अजी, पाहा हे!" तिनं मोबाइल नवऱ्यासमोर धरला.

धनंजयनं यावेळी खरंच पाहिलं, आणि हसू दाबायला तोंडात उपरणं कोंबलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण त्या खोट्या तक्रारीनंच खरा माणूस आणला. अमरावतीहून कंपनीच्या निशांत नावाच्या मेकॅनिकचा फोन आला. "नमस्कार जी बाई. तुमच्या मशीनमधून सूत निघून नाई राह्यलं म्हणे. मी किती मशिनी खोलल्या, पण असा रोग पह्यल्यांदाच ऐकला."

छायाचा बांध फुटला. मुकेश, रसवंती, तारे, भाऊजी, पॉलिस्टर, सगळं तिनं एका दमात त्याच्या कानात ओतलं. निशांत पोट धरून हसला असावा, कारण बराच वेळ फोनमधून नुसती घरघर आली.

"बाई, आमचा बाप बी सुतार. तुमी इंचाचं सूत म्हणून राह्यल्या न? ऐका. डब्ब्यावर लिवलं राह्यते, एक सूत घेते. लिवणाऱ्याचं काय जाते? सागाले चौथाई सूत घेजा, जास्ती नाई. एका फेरीत नाई झालं तं चार फेऱ्या मारजा."

"अन् लहान घेतली तं चालन?"

"अर्ध्या वितीच्या पट्टीले आठ इंची बम झाली, पुरून उरन. मोठी कायले घेता? पण एक सांगतो, मंग मले शिव्या नका देजा. वाकडी फळी टाकली तं वाकडीच निघन. फक्त एकसारखी वाकडी."

"म्हणजे?"

"मशीन जाडी सारखी करते, सरळ नाई करत. रोलर फळीले दाबते, तिकडून सोडली का फळी पुन्हा आपल्या वळणावर जाते. पह्यली बाजू तुमी हातच्या रंद्यानंच सपाट करा. मंग ते बाजू खाली, अन् टाका मशीनमधी."

"मंग मशीन कायले घेऊ मी?" छाया कडाडली. "रंदा मारणं काई सुटलंच नाई!"

"अर्धं सुटलं न बाई. अन् जे सुटलं तेच तुमाले दगा देऊन राह्यलं होतं."

फोन ठेवल्यावर ती शेडात बसून राहिली. चिडावं तर माणूस खरं बोलला होता. एक बाजू सपाट करणं तिच्या हाताला कधीच जड गेलं नव्हतं. दुसरी बाजू पहिलीच्या बरोबर आणतानाच हात चुकायचा. तिनं आठ इंची मशीन मागवून टाकली. बंडोपंत म्हणाले, "तत्त्वतः पश्चात्ताप होईल." मुकेश म्हणाला, "रसवंती छोटीच घेतली भाभीजी?"

मशीन आली, सुरू झाली, आणि असा आवाज केला की पलीकडच्या गल्लीतली एक बाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन दारात उभी. "चक्की टाकली म्हणे तुमी?" रुख्माबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर भुसा बसला. त्यांनी एकेक पापड झटकत छायाच्या माहेराचा उद्धार केला. त्यात पहिल्याच दिवशी मशीननं प्रत्येक पट्टीचं शेवटचं दोन बोटं टोक जरा जास्तच खाल्लं. छाया पुन्हा फोनवर.

"हो, ते शेवटाले चावते," निशांत शांतपणे म्हणाला. "सांगाचं राह्यलं. पट्ट्या जरा लांब घेजा, चावलेलं टोक कापून टाकजा. साऱ्याच मशिनी चावते."

"मोठ्या बी?"

"मोठ्या जास्त चावते."

हे मात्र तिनं लगेच जाऊन बंडोपंतांना सांगितलं.

पण पट्ट्या! पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि कडेवरून नख फिरवलं, तर नख कुठं अडेना. तिनं पुन्हा फिरवलं. मग सासूबाईंचं बोट धरून फिरवलं. रुख्माबाई म्हणाल्या, "गुळगुळीत हाय. पण पापड गेले ते गेले."

नमुन्याचा नंदी झाला. घरातल्या फरशीवर सोडला तो नाकासमोर जाऊन भिंतीला टेकला. मग तो काखेत घेऊन छाया निघाली, मागं धनंजय. मारुतीच्या देवळासमोर, सिमेंटच्या रस्त्यावर भैय्याजी चार माणसं घेऊन उभेच होते.

"सोडा बाई."

छायानं हलकेच ढकलून नंदी सोडला. दहा पावलं सरळ गेला. मग मान वळवल्यासारखा डावीकडे झुकला, आणि सरळ नालीत.

"हा पाहा!" भैय्याजींनी टाळी दिली. "पुन्हा डावाच! मशीन घेऊन काय फायदा झाला? मी नागपूरले फोन करतो."

गुडघ्यावर बसून छायानं नंदी नालीतून काढला, पदरानं पुसला, चाकं फिरवून पाहिली. चाकं बरोबर होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग उठली, पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथून नंदी उलट दिशेनं, भैय्याजींच्या रोखानं सोडला.

नंदी दहा पावलं सरळ आला, उजवीकडे झुकला, आणि त्याच नालीत.

"जातानी डावीकडं, येतानी उजवीकडं," छाया म्हणाली. "नाली मात्र तेच. बैल लंगडा असता तं दोन्ही खेपेले डावीकडंच गेला असता न, भैय्याजी? बैल सरळ हाय. रस्ता कलला हाय."

देवळाच्या पायरीवरचा एक म्हातारा खोकला. धनंजय छायाच्या कानाशी वाकून पुटपुटला, "ह्या रस्त्याचा ठेका भैय्याजीकडंच होता." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं 'पाहू'शिवाय काही कामाचं सांगितलं होतं, आणि तेही इतक्या हळू की अख्ख्या देवळाला ऐकू गेलं.

भैय्याजींनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग छायाला जरा बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं काम चोख हाय, मी मानलं. सारे नंदी तुमच्याकडून. फक्त एक करजा. चाकं जराशी उजवीकडं ओढतीन अशी बसवजा. म्हणजे मिरवणूक ह्या रस्त्यावरून सरळ जाईन."

उन्हाळाभर छायानं जीव आटवला होता तो बैल सरळ चालावा म्हणून. रसवंती ऐकून घेतली, चक्की ऐकून घेतली, पापडांची बोलणी खाल्ली. आणि आता हा माणूस रस्त्यासाठी बैल वाकडे मागत होता!

"अन् मिरवणूक वापस येतानी?" ती म्हणाली.

भैय्याजींनी रस्त्याच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. वॉर्डातली सगळी पोरं आपापल्या बैलांसकट नालीत उतरताना त्यांना दिसली असावीत.

"सरळच बनवीन मी," छाया म्हणाली. "घ्याचे तं घ्या."

"सरळच आणा मंग," भैय्याजी म्हणाले. "पोरं शाळेच्या पटांगणात फिरवू."