नेपरव्हिल ते मॉरिशस, पाच मिनिटांत

जानेवारीत आमच्या घरी माणसं जमली की सगळ्यांचे कोट गेस्टरूमच्या पलंगावर पडतात. निघताना आपला एक उचलायला जावं तर त्याच्या बाहीत दुसऱ्याचा मफलर अडकलेला, मफलरमध्ये तिसऱ्याची टोपी. आमच्या शनिवारच्या मंडळींचे किस्से असेच साठलेत. एक ओढला की खालून दोन येतात.

मंडळी म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली आणि आसपासची आठ-दहा मराठी माणसं. शनिवारी सकाळी आमच्या किचनमध्ये चहाला जमणारी. आमच्या म्हणजे माझ्या आणि प्रकाशच्या. प्रकाश, माझा नवरा, गेल्या ऑक्टोबरमध्ये गेला. मुलगी इरा तिकडे वाळवंटी भागात, चँडलरला असते. तिचं म्हणणं, घर विकून तिच्याकडे यावं. तिकडे बर्फ नाही आणि नातू आहे. दोन्ही मुद्दे बिनतोड. मी पॅकिंगची खोकीसुद्धा आणून ठेवली होती.

पण आधी प्रकाशबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तो मॉरिशसचा.

मॉरिशसचा मराठी. त्याचे कुणी पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिथलेच झाले. घरात तिथली क्रिओल बोली, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, आणि मराठी आजीकडून आणि क्रमिक पुस्तकातून. त्यामुळे त्याचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ होतं. मंडळींतला अमेय, पुण्याचा, आयटीतला. तो म्हणायचा, "मीटिंग रीशेड्यूल केली यार." प्रकाश शांतपणे विचारायचा, "म्हणजे बैठक पुढे ढकलली का?"

आणि त्याची एक श्रद्धा होती: जगाचा इतिहास मॉरिशसमध्ये घडला, बाकीच्या देशांनी तो नुसता पाहिला.

* * *

या श्रद्धेला पहिला विरोध डॉक्टर देशकरांनी केला. डॉक्टर मूळ नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड, आणि आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. पहिल्याच शनिवारी त्यांनी प्रकाशला विचारलं, "मॉरिशस? ते हनिमूनचं?"

प्रकाश म्हणाला, "डॉक्टर, आपण आत्ता जो चहा पीत आहात, त्यात लवंग आहे."

"असेल. मसाला कुसुमने केलाय." कुसुमकाकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी.

मग प्रकाशने सांगितलं की लवंग आणि जायफळ एके काळी डचांनी आपल्या बेटांवर पहाऱ्यात ठेवलं होतं. एका फ्रेंच माणसाने तिथून रोपं पळवली आणि मॉरिशसच्या बागेत लावली. तिथून लवंग झांझिबारकडे गेली, जगभर गेली, डचांची मक्तेदारी मोडली. "म्हणून कुसुमकाकूंना लवंग परवडते," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "चोरीचा माल साठवला, याचा अभिमान आहे तुला?"

"इंग्रजांना याहून कमी गोष्टींचा आहे."

त्या दिवशी नियम ठरला. डॉक्टरांनी कुठलाही विषय द्यायचा. प्रकाशने पाच मिनिटांत तो मॉरिशसला नेऊन पोचवायचा. ओव्हनवरचा टायमर लावायचा. निकाल डॉक्टरच देणार, कारण नागपूरचा माणूस हरला तरी खोटं बोलत नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. जो हरेल त्याने सगळ्यांचे कप हाताने धुवायचे. डिशवॉशर चालणार नाही.

बहुतेक शनिवारी डॉक्टर सिंकपाशी दिसायचे. ते धुवायचे आणि प्रकाश कप वरच्या फळीवर ठेवायचा. आमची फळी प्रकाशच्या उंचीची. डॉक्टरांचा हात तिथे पोचत नाही.

* * *

भारत ऑस्ट्रेलियाकडून फायनल हरला, त्यानंतरचा शनिवार. सगळ्यांचे चेहरे पडलेले. अमेयने तर रविवारपासून दाढी केली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "आज विषय ऑस्ट्रेलिया. आणि प्रकाश, आज जपून बोल."

प्रकाशला दीड मिनिट पुरलं. ऑस्ट्रेलियाला गलबतातून वळसा घालून नकाशा करणारा इंग्रज कप्तान घरी परत जाताना मॉरिशसला थांबला. तेव्हा बेट फ्रेंचांकडे होतं. त्यांनी त्याला हेर समजून वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. त्या कैदेत बसून त्याने नकाशा काढला आणि त्यावर 'ऑस्ट्रेलिया' असं नाव घातलं.

अमेय म्हणाला, "म्हणजे काका, तो तुमच्या ताब्यात होता. आणि तुम्ही त्याला सोडला."

मॉरिशसचा इतका थेट पराभव आमच्या किचनमध्ये पूर्वी झाला नव्हता. पण नियमाप्रमाणे कप डॉक्टरांनीच धुतले.

* * *

प्रकाशच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला मी बाहेर बसले होते. आत ऑफिसरने सहज विचारलं, मॉरिशस नक्की कुठे आहे? साध्या माणसाने "हिंदी महासागरात" म्हणून विषय संपवला असता.

प्रकाशने सुरुवात केली. इंग्रजांनी स्वातंत्र्य देण्याआधी आमची काही बेटं वेगळी काढली, तिथल्या माणसांना हलवलं, आणि त्यातल्या एका बेटावर तुमचा लष्करी तळ झाला. तुमची विमानं तिथून उडतात.

ऑफिसर सावरून बसला. "सर, तुमची काही तक्रार आहे का?"

"मुळीच नाही," प्रकाश म्हणाला. "तुम्ही अख्खं बेट घेतलंत. मी फक्त नेपरव्हिलमध्ये तीन बेडरूम मागतोय."

बाहेर येऊन त्याने हे सगळं मला सांगितलं. मी विचारलं, "मग ऑफिसर काय म्हणाला?"

"हसला," प्रकाश म्हणाला. "पण सही करून झाल्यावर."

* * *

इथला गणपती विकेंडला येतो. चतुर्थी मंगळवारी असली तरी देव शनिवारपर्यंत थांबतो, हॉल मिळाला नाही तर त्याच्या पुढच्या शनिवारपर्यंत. प्रकाशला हे कधी पटलं नाही. तो चतुर्थीलाच सुट्टी घ्यायचा. मॅनेजरने कारण विचारलं तर सांगायचा, "माझ्या देशात आज सरकारी सुट्टी आहे." ते खरंही होतं.

एका वर्षी मंडळींच्या गणपतीचं विसर्जन आमच्या बॅकयार्डमध्ये होतं, बादलीत. प्रकाशने लहानपणी शिकलेली झाकरी सुरू केली. झाकरी म्हणजे मॉरिशसच्या मराठी लोकांचं गोल फिरत म्हणायचं गाणं आणि नाच, कोकणातून बोटीत बसून गेलेलं. आम्ही सगळे महाराष्ट्रात जन्मलेले, एकालाही पावलं येईनात. तो एकटा बादलीभोवती फिरत होता आणि मागून आम्ही धडपडत होतो.

कुंपणापलीकडून शेजारीणबाईंनी विचारलं, "हे इंडियन आहे का?"

डॉक्टरांना धाप लागली होती. तरी त्यांनी उत्तर दिलं, "नो. मॉरिशस. आम्ही शिकतोय."

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. त्या दिवशी कुणी विषय दिला नव्हता, टायमर लावला नव्हता, तरी ते निमूटपणे आत गेले आणि कप धुवायला लागले.

* * *

अमेय लग्न करून हनिमूनला पॅरिसला निघाला. प्रकाशने त्याला एकच काम सांगितलं. तिथल्या त्या मोठ्या कमानीवर फ्रेंचांच्या विजयांची नावं कोरलेली आहेत. त्यात समुद्रावरची लढाई एकच, आणि ती मॉरिशसची. त्या नावाचा फोटो आण.

अमेय मनापासून काम करणारा मुलगा. तो मान वर करून भिंती वाचत राहिला. नवी बायको, सायली, आधी कौतुकाने उभी होती, मग छत्री धरून, मग छत्री मिटून एकटीच कॉफी प्यायला गेली. फोटो मिळाला. प्रकाशने तो फ्रिजवर लावला.

सायली पहिल्यांदा शनिवारी आली तेव्हा तिने फ्रिजवरचं ते नाव पाहिलं आणि अमेयकडे वळली.

"मी म्हणत होते ना, मॉरिशसला जाऊ. तिथे निदान समुद्र बघितला असता!"

डॉक्टरांनी तिला लगेच खुर्ची दिली. "बस बाळ. ते हनिमूनचंच आहे. तू माझ्या बाजूची."

* * *

आता प्रकाशच्या हरण्याबद्दल. तो एकाच विषयावर हरायचा, आणि दर वेळी.

तो विषय होता नेपरव्हिल.

डॉक्टरांना ते कळलं तेव्हा त्यांना खजिना सापडल्यासारखं झालं. फार वेळा वापरायचे नाहीत. घरी पाहुणे आलेले असले की मुद्दाम काढायचे. "विषय, नेपरव्हिल." प्रकाश साखरेवरून यायचा, रेल्वेवरून यायचा, एकदा तर मक्यावरून आला. डॉक्टर टायमरकडे बघत म्हणायचे, "शिकागोपर्यंत आलास. पुढची ट्रेन चुकली." मग प्रकाश बाह्या सरसावायचा.

त्याला हे खरोखर लागायचं. बाकी सगळं जग त्याने बेटाला बांधून दिलं होतं आणि स्वतः राहतो ते गाव तेवढं सुटं राहिलं होतं. रात्री जेवताना मध्येच म्हणायचा, "नीला, इथे पहिली गिरणी कोणी काढली असेल?" मी म्हणायचे, "वरण वाढू का?"

सप्टेंबरमध्ये तो हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टर रोज यायचे. हृदयाचा प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यांच्या हातात काही नव्हतं. नुसते यायचे. एकदा त्यांना पाहून नर्स म्हणाली, "डोडो पक्षी फक्त मॉरिशसमध्ये होता, तुम्हाला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तुला आज काय धुवायला लावलं?"

तिने टेबलावरचा ज्यूसचा ग्लास दाखवला.

प्रकाश डोळे मिटून हसला. मग म्हणाला, "डॉक्टर, नेपरव्हिल अजून जमत नाही."

डॉक्टर खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत राहिले. "घाई नाही," म्हणाले.

* * *

ऑक्टोबरनंतर शनिवारी कुणी आलं नाही. कुणी यावं की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, मलाही. जानेवारीत मी सगळ्यांना फोन केले. घर विकतेय हे एकदाच, सगळ्यांना समोर बसवून सांगावं म्हणून. ओट्यावर एक खोकं उघडं होतं, बबलरॅप घातलेलं. वर मी मार्करने लिहिलं होतं, 'चँडलर. कप'. म्हटलं, चहा झाला की कप थेट त्यातच भरू.

सगळे आले. गेस्टरूमच्या पलंगावर कोट पडले. सगळ्यांनी ते खोकं वाचलं आणि सगळे गाडीच्या स्नो टायरबद्दल बोलायला लागले. स्नो टायरबद्दल माणसं किती वेळ बोलू शकतात, ते त्या दिवशी कळलं.

मी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात डॉक्टर उठले. ओव्हनपाशी गेले आणि टायमर लावला.

"विषय, नेपरव्हिल," ते म्हणाले.

कुसुमकाकू हळूच म्हणाल्या, "अहो, आज कशाला?"

"आज मी बोलणार. मी नागपूरचा माणूस. समुद्र माझ्या घरापासून दोन्हीकडे लांब. तरी लवंग झांझिबारला कशी गेली ते मला पाठ आहे. पॅरिसच्या कमानीवर काय लिहिलंय, मला माहीत आहे. सत्तरी उलटल्यावर मी एका बादलीभोवती नाचलो. कुसुम, मी आपल्या घरी आयुष्यात कधी कप विसळलाय?"

"नाही," कुसुमकाकू म्हणाल्या. "बशीसुद्धा नाही."

"या घरात मी वर्षानुवर्षं धुतोय. नेपरव्हिलमधल्या एका माणसाला मॉरिशसने भांडी घासायला लावलं. इंग्रजांना अख्ख्या नागपुरात ते जमलं नाही. प्रभाव प्रभाव म्हणतात, तो आणखी काय असतो?"

टायमर चालूच होता.

अमेयने विचारलं, "पण काका, मग जिंकलं कोण?"

"प्रकाश," डॉक्टर म्हणाले, आणि स्वेटरच्या बाह्या वर करून सिंककडे गेले.

त्यांनी सगळे कप धुतले, पुसले, आणि पहिला कप हातात धरून खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"यात भरू का नीला?"

"नको," मी म्हणाले. "वर ठेवा. नेहमीच्या जागी."

डॉक्टरांनी टाचा उंचावल्या. हात फळीच्या वीतभर खाली राहिला. पुन्हा प्रयत्न केला. मग कप तसाच धरून ते अमेयला म्हणाले, "स्टूल आण रे. आणि लिहून ठेव, हासुद्धा मॉरिशसचाच परिणाम."